आवळ्याखालचा चिखल

वाशीमला आमच्या वस्तीत पालिकेची बाग आहे. तिचा माळी, चौकीदार आणि साहेब, तिन्ही एकच: आसेगावचे जानराव. सकाळी फाटक उघडतात, वीज आली की पाण्याची मोटर लावतात, झोक्याच्या साखळीला तेल देतात, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या वेचतात आणि गवतावर पाय ठेवणाऱ्याला झापतात. मी रोज फिरायला जातो आणि त्यांची बोलणी खाऊन येतो. माणूस कामाला चोख, पण एक खोड आहे. कोणाला काही विचारायचं म्हटलं की त्यांना कमीपणा वाटतो.

बागेत आवळ्याचं एकच झाड, जानरावांनीच लावून वाढवलेलं. आवळी नवमीला वस्तीतल्या बायका त्याखाली स्वयंपाक करून जेवतात. जेवण म्हणजे वरण, वांग्याची भाजी आणि रोडगे. आणि रोडगे, म्हणजे कणकेचे जाडजूड गोळे, भाजायचे तर गोवऱ्यांचा ढीगभर विस्तव हवा. दरवर्षी तो बुंध्याशीच पेटायचा. होता होता झाडाची एक बाजू वाळली. जानरावांनी 'येथे चूल पेटवू नये' अशी पत्र्याची पाटी ठोकली. बायकांनी ती उपटून चुलीला वाऱ्याचा आडोसा केला.

आणखी एकदा विस्तव पेटला तर झाड गेलंच, हे त्यांना दिसत होतं. म्हणून गेल्या वर्षी नवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी मोटर लावली आणि झाडाखाली पाणी सोडलं. चिखलात चूल पेटत नाही, हा त्यांचा हिशेब. दिवसभर स्वतःवर भलतेच खूश होते.

सकाळी बायका टोपली, गोवऱ्या घेऊन आल्या आणि चिखल पाहून थबकल्या. गोमतीबाई म्हणाल्या, "त्यात काय! फांदी मोडून तिकडं कोरड्यात रोवू अन् तिच्याखाली जेवू. आमच्या गावात झाड नसलं तं असंच करते."

एकीने फांदी मोडली, मग दुसरीने. प्रत्येक घराची चूल वेगळी, म्हणून प्रत्येकीला फांदीही वेगळी! जानराव ओरडत धावले आणि घसरून गुडघ्यावर आपटले. कोण ऐकतंय? झाड डोळ्यांदेखत बोडकं होत होतं. एरवी मला त्यांचा राग येतो, पण त्या वेळी जीव कळवळला.

तेवढ्यात त्यांची बायको प्रयागबाई आल्या. काय चाललंय ते त्यांनी क्षणभर पाहिलं, चपला काढल्या आणि नव्या साडीनिशी सरळ बुंध्याशी चिखलात जाऊन बसल्या.

"अवं उठ, चिखल हाय तो!" जानराव ओरडले.

"दिसून राह्यला मले. पन आवळ्याखाली जेवाचं सोडून मी फांदीखाली कायले जेवू? या वं बायांनो, बसा. वावरात चिखल तुडवतोच ना आपन? चुली तिकडं मोटरीच्या खोलीमागं मांडा."

गोमतीबाईंना हसू फुटलं. त्यांनी पदर खोचला आणि शेजारी जाऊन बसल्या. फांद्या मोडणं थांबलं. रोडगे खोलीमागे भाजले गेले आणि पंगत चिखलात बसली.

प्रयागबाईंनी नवऱ्यापुढे ताट ठेवलं. "झाड वाळून राह्यलं होतं, तं मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी बाया आयकता का?"

"इचारलं कवा? पाटी ठोकली, पानी सोडलं. त्या झाडाशी रोज बोलता तुमी, म्या आयकलं हाय. माह्याशी एक डाव बोलले असते, तं एकबी फांदी तुटली नसती."

जानराव रोडगा कुस्करत राहिले.

यंदा नवमीच्या आधी ते वस्तीत घरोघर फिरले. माझ्याही दाराशी आले, माझ्या बायकोसमोर मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, तुमची चूल कुठं मांडू?" मी दारामागे तोंड दाबून हसत होतो. पण सगळ्यांत आधी त्यांनी आपल्याच घरात विचारलं होतं, हे प्रयागबाई अजून ज्याला त्याला सांगत असतात.