रूपसिंगच्या नाण्याला लावलेलं पॉलिश

“हे कोणी घासलंय?” गोखले मॅडमनी डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच विचारलं.

“जीपवाल्याने घासलं असेल,” मी म्हणालो. “घरी. अडाणी माणूस आहे.”

मॅडमनी मान हलवली आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं. शेजारी आमचे ब्रँच मॅनेजर देशमुख साहेब उभे होते. जीपवाला तिथे नव्हताच. आम्ही नाशिकला नाण्यांच्या प्रदर्शनात होतो आणि तो त्या वेळी धडगावच्या घाटात गाडी चालवत असणार.

नाणं मी घासलं होतं. या गोष्टीला सात वर्षं झाली. आता सगळं क्रमाने लिहितो.

माझं गाव कोरीट. नोकरी बँकेत, शेवटची काही वर्षं धडगाव ब्रँचला हेड कॅशियर. हेड कॅशियर म्हणजे काय, तर स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरकडे आणि एक याच्याकडे. शिवाय खोटी नोट, खोटं नाणं पकडायचं कामही त्याचंच. तीस वर्षांत या कामात माझी चूक झाली नव्हती, आणि मला ते जरा जास्तच ठाऊक होतं.

रूपसिंग पावरा शहादा-धडगाव काळी-पिवळी जीप चालवायचा. अजूनही चालवतो. आठवड्यातून एकदा तो काउंटरला यायचा आणि आम्हाला चिल्लर द्यायचा. डोंगरातल्या ब्रँचला चिल्लर नेहमी कमी पडते, त्यामुळे त्याला रांगेत थांबावं लागत नसे. काउंटरच्या पितळी पट्टीवर कोपर टेकवून तो उभा राहायचा. घरी तो पावरी बोलतो, पण गाडीत सगळे अहिराणीवाले, म्हणून आमच्याशीही अहिराणीच.

एकदा त्याने चिल्लर दिली आणि एक रुपया मागे ठेवून घेतला.

“हाऊ नही देवाव, सायेब. हाऊ मन्हा शे.”

“का रे? खोटा आहे का?”

“खोटा नही. टांकसाळमा त्याले लागेल शे.”

लागलंय, म्हणजे मार बसलाय. मी रुपया हातात घेतला. बारीक पाहिल्यावर कळलं, की त्याची एक कड सरळ कापल्यासारखी होती. पत्र्याच्या पट्टीतून गोल चकत्या पाडताना पट्टीच्या टोकाशी आलेली चकती अशी अर्धवट कापली जाते. याला क्लिप्ड कॉइन म्हणतात. टांकसाळीत अशी नाणी बाजूला काढतात, पण लाखांतून एखादं सुटतं. अशा सुटलेल्या नाण्यांचे शौकीन असतात. मला हे वाचून माहीत होतं. रूपसिंगला हाताने माहीत होतं.

हा हात कसा तयार झाला, ते एकदा त्याच्याच गाडीत बसून पाहिलं. घाट चढताना तो भाडं घ्यायचा. मागच्या सीटवरून पैसे हातोहात पुढे यायचे आणि त्याच्या डाव्या तळव्यावर पडायचे. डोळे वळणावर. नोटा तो बोटांत पकडायचा, नाणी अंगठ्याने सरकवायचा.

“मांगला दादा, तुन्हा एक रुपया कमी शे.”

“दिधात ना पुरा!”

“दोनना ठिकाने रुपया शे त्यामा. देख.”

मागच्याने वाकून पाहिलं. खरंच एक होता. वीस वर्षं असं काम केल्यावर त्याच्या अंगठ्याला नाण्याची प्रत्येक रेघ पाठ झाली होती. चुकीचं नाणं आलं की अंगठा थांबायचा. मग तो स्वतःच्या खिशातला चांगला रुपया भाड्यात टाकायचा आणि ते नाणं वेगळं ठेवायचा. बांबूच्या नळीत. प्रत्येक नाणं कापसात गुंडाळलेलं, आणि तो कापूसही सरकी काढलेला, कळसाडीच्या एका पॅसेंजरने दिलेला.

“कापूस कशाला?” मी विचारलं.

“एकमेकले लागतस. लागनात का मंग टांकसाळनी चूक कोनती आनी आपली कोनती, कसं समजाव?”

या माणसाने या विषयावरचं एक पान वाचलेलं नव्हतं. पण या छंदातला पहिला नियम त्याने मला सांगितला होता. मी तो ऐकला आणि विसरलो.

मग त्याला ते पाच रुपयांचं नाणं सापडलं. जुनं, जाड, मळकट. एका बाजूला सिंह नेहमीसारखे वर आलेले. दुसऱ्या बाजूला पाचचा आकडा असायला हवा, तिथेही सिंहच, पण आत गेलेले आणि उलटे. ‘भारत’ आरशात दिसावं तसं. पाच कुठेच नाही. याला ब्रोकेज म्हणतात. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावर दाबली जाते. कणकेच्या गोळ्यावर नाणं दाबलं तर कणकेत जसं उमटेल, तसं.

रूपसिंगने ते कौतुकाने धडगावच्या एका दुकानदाराला दाखवलं. बाजाराचा दिवस होता. दुकानदाराने पाचचा आकडा शोधला, सापडला नाही. त्याने नाणं रस्त्यात फेकलं आणि ओरडला, “हाऊ घरमा पैसा पाडस! यानाकडथून सुट्टा लेऊ नका रे!”

बाजारात असं बोललेलं सगळीकडे जातं. आठ दिवसांत रूपसिंगची जीप अर्धी रिकामी जायला लागली. लोक त्याच्याकडून सुट्टे घेईनात. तो काउंटरला आला तेव्हा पितळी पट्टीवर कोपर नव्हतं.

“सायेब, कागद भेटी का? हाई नानं खरं शे असा? तुमी बँकवाला. तुमनी सही चालीन.”

माझी सही चालणार नव्हती. पण नाशिकला नाणे संग्राहकांचं एक प्रदर्शन भरणार होतं आणि तिथे तज्ज्ञ नाणी तपासून सर्टिफिकेट देणार होते. मी देशमुख साहेबांना सांगितलं.

“घेऊन जाऊ,” ते खूश झाले. “फोटो काढू. ब्रँचचं नाव होईल. पण पाटील, सगळं नीट प्रेझेंट करा हं.”

रूपसिंगने बांबूची नळी माझ्या हातात दिली. बारा नाणी होती. “संभाळजा,” एवढंच म्हणाला.

आता माझी चूक. ती फक्त बँकेच्या कॅशियरलाच सुचावी अशी आहे. आमच्याकडे इन्स्पेक्शन म्हटलं, की आदल्या दिवशी कॅश डिपार्टमेंट चकचकीत करायचं. काउंटरची पितळी पट्टी, स्ट्राँग रूमची मूठ, नावाची पाटी, सगळ्याला ब्रास पॉलिश. तपासणीला जायचं म्हणजे घासूनच जायचं, हे माझ्या हातात तीस वर्षं बसलं होतं. ते मळकट नाणं बाहेर काढलं, ड्रॉवरमधली बाटली घेतली, फडक्यावर चार थेंब टाकले आणि दोन्ही बाजू घासल्या. सिंह उजळले. मी स्वतःवर खूश झालो.

नाशिकच्या प्रदर्शनात गोखले मॅडमनी नाणं भिंगाखाली धरलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्या आयुष्यभर धातुशास्त्र शिकवलेल्या बाई. त्यांनी समजावून सांगितलं. खोटं ब्रोकेज करणारे लोक दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंज्यात दाबतात. त्यात वरच्या बाजूचे उंचवटे चेपतात. ते लपवायला मग नाणं घासतात. या नाण्याचे उंचवटे घासलेले होते आणि आतल्या सिंहांच्या खाचांत पांढरी पूड भरलेली होती. म्हणजे कोणीतरी काहीतरी लपवलं होतं.

तेव्हाच त्यांनी विचारलं, कोणी घासलंय. आणि मी ते उत्तर दिलं.

का दिलं? रिटायरमेंटला दोन वर्षं होती. मॅनेजर शेजारी उभा होता. खोटं नाणं ओळखणारा हेड कॅशियर, आणि त्यानेच खरं नाणं खराब केलं, हे सांगायला जीभ वळली नाही. एवढंच कारण आहे. याहून चांगलं मी सात वर्षांत शोधलं, सापडलं नाही.

एका माणसाचं एक नाणं फेरफार केलेलं निघालं की त्याची बाकीचीही तपासत नाहीत, असा त्यांचा नियम होता. बाराही परत आली. फॉर्मवर शेरा होता : ‘मालकाने फेरफार केल्याचा संशय.’

मी रूपसिंगला नळी परत दिली. म्हणालो, “नाशिकवाले म्हणतात, घासलेलं आहे. नाही देता येत.”

त्याने ते नाणं कापसातून काढलं. अंगठा फिरवला. नाकाशी नेलं. मग पुन्हा कापसात ठेवलं. “बरं, सायेब,” म्हणाला.

दोन वर्षांनी मी रिटायर झालो. त्यानंतर पाच वर्षं दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला धडगावला जात होतो, पण दरवेळी दुसऱ्याची जीप बघायचो. गेल्या नोव्हेंबरात शहाद्याच्या स्टँडवर फक्त त्याचीच गाडी उभी होती. त्याने पुढची सीट झटकून दिली. “बसा, सायेब.”

घाट लागला. भाडं हातोहात पुढे यायला लागलं. मागून कळसाडीचा एक शेतकरी हसत म्हणाला, “रूपसिंगभाऊ, सुट्टा दे, पन घासेल नको दिजो!”

नाशिकचा शेरा इथवर पोचला होता. गाडी हसली. एक म्हातारी म्हणाली, “त्याना घरनी टांकसाळ शे ना!” पुन्हा हसली. रूपसिंगही हसला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. डोळे वळणावरच होते.

धडगावला सगळे उतरले. मी उतरलो नाही.

“रूपसिंगभाऊ, ते नाणं मी घासलं होतं.”

“माले ठाऊक शे.”

“कधीपासून?”

“तुमी परत दिधं, तवयपासून. वास येत व्हता ना. तुमना काउंटरनी पट्टीना.”

“मग बोलला का नाहीत?”

त्याने स्टिअरिंगवरचा हात काढला. “घाटमा गाडी चुकीसन पुढे गयी, तर लगेच वळावता येस नही. जागा लागस. मी म्हनं, सायेबले जागा भेटनी नसी.” मग म्हणाला, “पन लई लांब गयात तुमी.”

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं नाशिकला गेलो. गोखले मॅडम आता घरीच नाणी तपासतात. मी सगळं सांगितलं. रागावण्याऐवजी त्यांनी कागद ओढला आणि प्रश्न सुरू केले. पॉलिश कोणतं? फडकं कसलं? आधी कोणती बाजू? किती वेळ? त्यांना हेच हवं होतं. घासण्याची खूण कोणती हे कळलं, की उरलेली खूण टांकसाळीची की शिकंज्याची, हे वेगळं काढता येतं. त्यांनी नाणं एका द्रावणात बुडवून ठेवलं. खाचांतली पांढरी पूड सुटली. तिच्याखाली, जिथे माझं फडकं पोचलंच नव्हतं, तिथे ठशाच्या बारीक रेषा जशाच्या तशा होत्या.

नाणं भिजत होतं तोवर मॅडमनी रूपसिंगच्या तळव्यावर स्वतःच्या ट्रेमधली नाणी एकेक ठेवली. तो खिडकीबाहेर पाहत बसला. “चांगला. चांगला. हाऊ पातळ शे. चांगला.” एका दोन रुपयांच्या नाण्याशी अंगठा थांबला.

“हाऊ फिरेल शे.”

“नाही, ते नॉर्मल आहे,” मॅडम म्हणाल्या. “मीच पाहिलंय.”

“एक बाजू सरळ शे, दुसरी थोडीशी कलेल शे. देखा.”

दोन्ही बाजूंचे ठसे एका रेषेत नसले, की नाणं उलटल्यावर मागची बाजू तिरकी दिसते. मॅडमनी नाणं यंत्राखाली ठेवलं. कोन मोजला. थोडासाच होता, पण होता. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“पावरादादा, तुम्ही हे कुठे शिकलात?”

“धडगावना घाटमा चला कधी गाडीमा,” तो म्हणाला. “तुमीबी शिकशात.”

मॅडम इतक्या मोकळ्या हसतील असं मला वाटलं नव्हतं.

बारांपैकी दहा नाणी खरी निघाली. दोन नंतर ठेचलेली होती. रूपसिंगने ती दोन त्या बारांतून आपणच बाजूला केली होती, मॅडम बोलायच्या आधी. पाचच्या नाण्याचं सर्टिफिकेट मिळालं : ‘अस्सल टांकसाळ-दोष. घासलेले.’ जुना शेरा त्यांनी माझ्यासमोर खोडला आणि खाली सही केली.

तो कागद आता जीपच्या काचेला आतून चिकटवलेला आहे. दुकानदाराने तो येऊन वाचला म्हणतात. माफी वगैरे मागितली नाही, पण रूपसिंगच्या गाडीतून शहाद्याहून माल आणायला लागला. आता अडचण वेगळीच झाली आहे. लोक घरी हातोडीने ठोकलेली नाणी घेऊन येतात आणि म्हणतात, “रूपसिंगभाऊ, हाई नानं देख ना.” तो अंगठा फिरवतो आणि म्हणतो, “हाई टांकसाळ तुन्हा घरनी शे.” मग गाडी पुन्हा हसते, पण आता दुसऱ्या कोणावर.

सर्टिफिकेटवर वजन, धातू, दोष आणि शेरा असे रकाने आहेत. मी मॅडमना म्हणालो, घासणाऱ्याचं नाव लिहा. त्या म्हणाल्या, तसा रकाना नसतो. म्हणून इथे लिहितो. घासणारा : भगवान पाटील, हेड कॅशियर, राहणार कोरीट.

वाचणाऱ्यांसाठी धंद्यातली एकच गोष्ट. जुनं नाणं हाती आलं तर घासू नका, कापसात ठेवा. घासलंच असेल, तर विचारतील तेव्हा लगेच सांगा. सात वर्षांनीसुद्धा पूड धुऊन निघते. ‘घासलेले’ हा शब्द मात्र निघत नाही.