कुंदाचं सातचं जेवण

मुरबाडहून रंजनाचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. रंजना म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, कुंदाची शेजारीण. "ताई, कुंदाताई उठत नायत. दवाखान्यात घेऊन चाललोय, तुमी या," एवढंच ती बोलली. शहापूरहून मुरबाड काही फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपता संपेना. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, साखर फार खाली गेली, झोपेतच गेल्या असाव्यात... आणि मग त्यांनी विचारलं, रात्री जेवल्या होत्या का? मी ताठ मानेनं सांगितलं, हो, सात वाजता, भात आणि वालाचं बिरडं. तिनंच मला फोनवर सांगितलं होतं. बाकावर बसलेल्या रंजनानं मान खाली घातली. मला वाटलं, रडतेय.

त्याला आता दीड महिना झाला. माझा सगळा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला, त्यातली दहा वर्षं सापगावात. पोरांना पाढे शिकवायचे आणि नखं कापायची सवय लावायची, हे माझं काम. रोज ठरल्या वेळी केलं की कुठलीही सवय लागते, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता. कुंदा माझ्या अगदी उलट. हसरी, विसराळू, कशाचाच नेम नसलेली. नवरा होता तोवर मात्र ती दोन्ही वेळचं मन लावून रांधायची. बाजारपेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, दुकान बंद करून ते घरी आले की गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायची. मूलबाळ नव्हतं. ते गेले आणि तिची संध्याकाळची चूल थंडावली. "एकटीसाठी काय कुकर लावायचा गो ताय," म्हणायची, आणि चहात खारी बुडवून खायची. पुढे रक्तात साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, आणि रात्रीचं जेवण चुकवायचं नाही अशी डॉक्टरांनी ताकीद दिली.

मग काय, मला विद्यार्थीच मिळाला. एका रविवारी एसटीनं गेले आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून आठवड्याचा कागद चिकटवला. एका माणसाचं, अर्ध्या तासात होणारं जेवण. मुगाची खिचडी, नाचणीची भाकरी आणि कुठलीही पालेभाजी, भात-पिठलं. बिरडं फक्त रविवारी, कारण वाल सोलत बसावे लागतात. सकाळच्या चहाबरोबरच मूग भिजत घालायचे, म्हणजे संध्याकाळी सबब उरत नाही. देवापाशी दिवा लावला की लगेच कुकर लावायचा, मध्ये बसायचं नाही. सातला माझा फोन, साडेसातला गोळी. कुंदानं सगळं मान डोलावून ऐकलं आणि म्हणाली, "तू शाळेतून सुटलीस, पन शाळा तुझ्यातनं नाय सुटली."

पहिले तीन आठवडे ती खरंच करत होती. खिचडी खाली लागली, मीठ राहिलं, भाकरी फुगली, सगळं सांगायची. मग एका संध्याकाळी म्हणाली, "आज नाय केलं गो. कंटाळा आला. स्टँडवरनं भजी आनली." मी म्हटलं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि फोन ठेवला. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिचे फोन आले तेही घेतले नाहीत. शाळेत मी हेच करायचे. चुकलेल्या पोराशी बोलायचं नाही, तिसऱ्या दिवशी ते आपणहून पाढा म्हणत येतं. कुंदाचाही तिसऱ्या दिवशी फोन आला. "ताय, मेथी केली. भाकर पन केली." मी जिंकले. त्यानंतर दोन वर्षांत तिचं एकही जेवण चुकलं नाही. उलट जेवणात रंगत आली. कधी कंटोळी, कधी अळू, आणि आडवारीसुद्धा बिरडं. मी शहापुरात ओळखीपाळखीच्या बायकांना तिचं उदाहरण द्यायचे. एकदा गुरुवारी ती म्हणाली, सुकट केली. कुंदा गुरुवार पाळायची, त्या दिवशी मासळीला शिवायची नाही, म्हणून मी चिडवलं, काय गो, वार सोडलास वाटतं? ती जरा थांबली... आणि हसली. मीही हसले.

तेरावा झाल्यावर मी तिचं स्वयंपाकघर आवरायला घेतलं. मुगाच्या डब्यात किडे झाले होते. कुकरची रिंग वाळून कडक झाली होती. नाचणीचं पीठ, मीच मागाहून दळून दिलेलं, त्या पिशवीची गाठसुद्धा सोडलेली नव्हती. मी रंजनाला बोलावलं. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, त्या रोज दिवेलागणीला यायच्या. विचारायच्या, आज तुज्याकडं काय केलं? मी ताट वाढायला घ्यायची. तर म्हनायच्या, नको गो, भूक नाय, नुसतं सांग." म्हणजे दोन वर्षं मी रंजनाच्या घरचं जेवण ऐकत होते. ती गुरुवारची सुकटही तिच्याच घरची. तू मला का नाही कळवलंस, असं मी विचारलं, तर रंजना म्हणाली, "त्यांनी शपथ घातलेली. म्हनाल्या, ताय बोलायची बंद होईल."

गोळ्यांची पाकिटं मात्र सगळी रिकामी होती. तेवढं एक ती माझं खरंच ऐकत होती. रिकाम्या पोटी, रोज साडेसातला... लोक म्हणतात, तुम्ही तिच्या भल्यासाठीच केलंत. असेल. पण मी तिला जेवायची सवय लावली नाही, मला घाबरायची सवय लावली, आणि तीच टिकली. हे मला कुणापाशी उगाळायचं नाही आणि विसरताही येत नाही. आता संध्याकाळी सात वाजले की मला घरात बसवत नाही आणि उठून काही करवतही नाही.

गेल्या आठवड्यात त्याच वेळेला रंजनाचा फोन आला. तिनं विचारलं, ताई, आज काय केलं? मी दिवसभरात गॅस पेटवला नव्हता. खिचडी केली, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी म्हटलं, काही नाही केलं गं. ती रागावली नाही. "बरं," म्हणाली, "आमच्याकडं पन सकाळचाच भात हाय." आणि मग ती बराच वेळ आपल्या कोंबड्यांचं काहीबाही सांगत राहिली, फोन न ठेवता. एवढंच करायला हवं होतं मी. त्या भज्यांच्या दिवशी.