खडखडीचा डबा

आमच्या डिचोलीच्या गॅरेजात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गाड्यांच्या आतून खडखड करणारं जे जे निघालं, ते त्यात पडतं. मालक लोक वस्तू परत न्यायला लाजतात, म्हणून डबा भरत गेला आणि त्याबरोबर किस्सेही!

आवाज शोधण्यात आमचा दत्ताराम उस्ताद. खनिजाच्या ट्रकांनी उखडलेल्या सुर्ल्याच्या रस्त्यावर मालकाला गाडी चालवायला लावायची आणि आपण मागच्या सीटवर डोळे मिटून पडायचं, ही त्याची पद्धत. एकदा पठ्ठ्या चक्क झोपला. मालक घाबरून म्हणाला, "मागून आता घरघर पण यायला लागली हो!"

*

मोरजीचे एक हॉटेलवाले. डॅशबोर्डातून दोन महिने टिकटिक. अर्धा दिवस खोलाखोल केली, तर आतून निघाले मूठभर चणे! डॅशबोर्डावरच्या गणपतीपुढे शेट रोज नैवेद्य ठेवायचे आणि काचेजवळच्या फटीतून एकेक चणा आत जायचा.

"आता देव रागावला तर?" शेटना घाम फुटला.

"रागावता कशाक?" दत्ताराम म्हणाला. "दोन म्हयने तेकाय झोप ना!"

*

एक रिटायर्ड गुरुजी. गाडीत कटकट वाजतं म्हणे. पण वाजायचं फक्त गुरुजी बोलताना! कवळी सैल होती. मी भीत भीत म्हटलं, "गुरुजी, हे डेंटिस्टला दाखवा."

गुरुजी भडकले. "त्यालाच दाखवलं! तो म्हणतो, तोंडात काही नाही, गॅरेजात जा!"

*

आणि हे सुहासराव. मूळचे कोल्हापूरकडचे, नोकरी मोपाच्या विमानतळावर, बायको आमच्या पेडण्याची. गाडी वडिलांची, जुनी. बायकोला नवी हवी होती.

"आज आवाज गेला नाही तर गाडी विकायची, असं घरी ठरलंय," सुहासराव म्हणाले. "बाबांनी याच गाडीवर मला शिकवलं हो!" खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं.

सुर्ल्याच्या रस्त्यावर एक चक्कर झाली, शेजारच्या सीटवर त्यांची बायको. ठणठण येत होती बाईंच्या बाजूच्या दरवाजातून. गॅरेजात परतल्यावर दत्तारामाने दरवाजाचं कव्हर काढलं, आत हात घातला आणि ओरडला, "कुलेर!"

कुलेर म्हणजे आमच्याकडे चमचा. चांगला जड, दांड्यावर गुलाबाचं फूल. काचेच्या फटीतून आत गेलेला. शेजारी उभ्या बाईंचा चेहरा पांढराफटक!

सुहासराव गाडीच्या पलीकडे होते. "कूलर? म्हणजे एसीचा प्रॉब्लेम?"

दत्तारामाने बाईंकडे पाहिलं. मग सुहासरावांकडे पाहिलं. कुलेर हळूच खिशात घातली.

"व्हय, कूलरच! जालो रिपेर."

सुहासरावांनी स्टीअरिंगवरून हात फिरवला आणि हसत हसत गाडी घेऊन गेले. कुलेर डब्यात पडली.

चार दिवसांनी बाई रिक्षाने एकट्याच आल्या. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळू आवाजात म्हणाल्या,

"दत्तारामबाब, म्हजी कुलेर दिया. सहा कुलेरांचो सेट मोडला!"