हारामागचे डोळे

नव्वदच्या दशकात सातपूरला माझा फोटो स्टुडिओ होता. कारखान्यातल्या अपघातात गेलेल्या एका कामगाराचा शेवटचा फोटो, अंत्ययात्रा निघण्याआधी, मीच काढला. त्याच्या घरी त्याचा दुसरा एकच फोटो होता, सहलीत कुणाच्या तरी प्लास्टिक भिंगाच्या कॅमेऱ्यातला. त्यात चेहरा म्हणजे नुसतं पिठलं. माझा कॅमेरा मोठ्या फिल्मचा, चांगल्या भिंगाचा. दाढीचे खुंट मोजून घ्यावेत असा स्पष्ट. पण डोळे मिटलेले.

दहाव्याला फोटो हवा होता. तान्ही मुलगी कडेवर घेऊन त्याची बायको स्टुडिओत आली. "डोळे उघडे करून द्या, भाऊ. हिला बाप झोपलेलाच दिसाया नको."

असली कामं आम्ही करायचो. पापणीचा आकार दिसला की प्रिंटवर बारीक ब्रशने डोळे रंगवायचे. पण मी मुलखाचा आळशी. मे महिना, फिल्म धुवायचा डेव्हलपर तापलेला, बर्फ आणायला कोण जातंय म्हणून फिल्म तशीच त्यात बुडवली. गरम डेव्हलपरने करडे रंग खाल्ले. उजेड पांढराफटक, सावली काळीकुट्ट. प्रिंट ट्रेमध्ये उमटली तेव्हा दाढीचा खुंट न् खुंट दिसत होता, आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. तो माणूस आता पुन्हा कॅमेऱ्यासमोर येणार नव्हता.

सहलीच्या फोटोतून डोळे उचलावेत, तर तिथे नुसते ठिपके. शेवटी भिंतीवरचा आरसा उतरवून समोर ठेवला आणि त्यात बघून रंगवले.

ती फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. चांगला झालाय म्हणाली आणि घेऊन गेली. सुटलो, असं मला वाटलं.

नऊ-दहा वर्षांनी, मी डिजिटल कॅमेरा घेतल्यावर, तिने मुलीचा फोटो काढायला मला घरी बोलावलं. आत पाऊल टाकलं, तर भिंतीवरच्या हारामागून मीच माझ्याकडे बघत होतो. माझ्या डोळ्यांखाली आता पिशव्या आल्या होत्या. फोटोतले अजून तिशीतलेच होते. मुलगी एकदा फोटोकडे बघायची, एकदा माझ्याकडे. पळून जावं असं वाटलं. चाचरत मी तिच्या आईची माफी मागू लागलो.

"मला तव्हाच कळलं व्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "पण हिच्याकडं कोणीतरी बघाया पाहिजे व्हतं."

मुलीला खुर्चीवर बसवून मी कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. ती माझ्या डोळ्यांतच बघत राहिली, आणि ओळखीचं हसली.