एक दिवसाआड थेंब

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि डोळ्यांच्या औषधाबद्दल चार शब्द सांगावेत इतकं काही अजून शिकलेलो नाही. तरी लिहितोय, त्याबद्दल माफ करा. आमच्याकडं झालं ते दुसऱ्या घरात होऊ नये, एवढंच मनात आहे.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त होऊन औंधजवळच्या आमच्या गावी शेती बघतात. काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा गेला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. डाव्या डोळ्यात रोज झोपताना एक थेंब टाकायचा, म्हणजे आतला दाब ताब्यात राहतो. त्या थेंबानं डाव्या डोळ्याच्या पापण्या लांब आणि काळ्याभोर झाल्या होत्या. आई म्हणायची, "आवं, निम्मी नटी झालाय तुमी." आबा हसायचे.

गेल्या उन्हाळ्यात ते औषध मिळेनासं झालं. औंधात नाही, साताऱ्यात नाही. मी सांगलीत बी.एस्सी.ला होतो. आईचा फोन आला, "शेवटची बाटली फोडलीया. तिकडं बघ जरा." मी रिकामा खोका खिशात घालून दुकानामागून दुकान पालथं घातलं. सगळीकडं एकच उत्तर, वरून माल येत नाही. एकानं विचारलं, "डॉक्टरांना विचारून दुसऱ्या कंपनीचं घेता का?" मी घाईनं नको म्हणालो. चिठ्ठीवर जे नाव आहे तेच हवं, अशी माझी समजूत. त्यात पाच-सहा आठवडे गेले. फोनवर आबा म्हणायचे, "हाय अजून. तू अभ्यास कर." महिन्याची बाटली इतकी कशी पुरते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

सांगलीत माझ्या मावसबहिणीचं ब्यूटी पार्लर आहे. खोका बघून ती म्हणाली, "अरे, पापण्या वाढवायला आम्ही हेच तर लावतो! ने की." तिनं अर्धी वापरलेली बाटली माझ्या हातावर ठेवली. औषधाचं नाव खरंच तेच होतं. मी सुटलो असं वाटलं. पण ती तशीच घेऊन गावची एस.टी. धरायचा धीर होईना, म्हणून स्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानात ती दाखवली.

"कुणासाठी?" म्हाताऱ्या दुकानदारानं विचारलं.

"वडिलांसाठी. काचबिंदू आहे. एकच डोळा उरलाय."

त्यांनी बाटली माझ्यापासून लांब सरकवली. "हे पापणीच्या मुळाशी ब्रशनं लावायचं. कुणाकुणाला लावलेली बाटली ही. त्या एका डोळ्यात टाकणार होतास?"

मी खिशातला रिकामा खोका काढून त्यांच्यापुढं ठेवला. तो वाचून ते हळू म्हणाले, "औषध दुसऱ्या कंपनीचं मिळतं. नाहीतर त्याच जातीतलं दुसरं असतं. पण ते डॉक्टर ठरवतील. आजच फोन कर त्यांना."

दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन मी मिरजेला डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी दाब मोजला, आणि पुन्हा मोजला.

"काका, थेंब रोज टाकताय ना?"

"व्हय."

"खरं सांगा."

आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "एक दिवसाआड. चौकीवर रसद अडकली की आमी सगळंच निम्म्यावर आणायचो. हे बी तसंच पुरवलं."

"काका, रसद निम्मी केली तर माणूस तग धरतो. डोळ्याची नस धरत नाही."

आबा ताठ बसून ऐकत राहिले. साहेबासमोर बसावं तसे. डॉक्टरांनी त्याच जातीतलं दुसरं औषध लिहिलं. ते खालच्याच दुकानात मिळालं. फळीवर बाटल्यांची रांग होती. आधीच विचारलं असतं तर तेव्हाच मिळालं असतं, आणि मला वर बघवेना. नजर किती गेली हे महिन्यानं मशीनवर तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. तो महिना आई रोज स्वतः थेंब टाकायची आणि मला तसं कळवायची.

तपासणीच्या दिवशी नेमकी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा आली. आबांबरोबर आई गेली. परीक्षा संपल्यावर मी प्रयोगशाळेबाहेर फोन हातात धरून उभा राहिलो. दोनदा लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात आईचाच आला.

"प्रेशर उतरलंय," ती म्हणाली. "खालच्या अंगाचं दिसणं जरा गेलंय. ते परत येणार न्हाई म्हणाले. बाकीचं हाय तसं हाय."