चवळीला हात लावायचा नाही!

बी.एड.च्या इंटर्नशिपला निघताना आमच्या गाईड सरांनी एक छापील तक्ता दिला होता. ‘वर्गातील विविधता व सांस्कृतिक समावेशन : निरीक्षण’. तीन रकाने : घटक, समस्या, उपाय. मी वहीच्या डाव्या पानावर तो तक्ता चिकटवला आणि उजवं पान सहज कोरं ठेवलं. तीन महिन्यांत डावं पान अर्धंही भरलं नाही. उजवीकडची पानं मात्र संपली, पुरवण्या जोडाव्या लागल्या! मैत्रिणी म्हणतात, तू शाळेत निरीक्षणाला गेली होतीस की किस्से गोळा करायला? आता काय सांगू! हे घ्या त्यातलेच काही.

* * *

मी मुर्रीची. म्हणजे जवळजवळ गोंदिया शहराचीच. केशोरीच्या पुढची ती जिल्हा परिषदेची शाळा मी त्याआधी नकाशातही पाहिली नव्हती. सहावीचा वर्ग, शेवटचा बाक, मी आणि वही. वर्ग कापगते मॅडमचा. पन्नाशीच्या, कडक इस्त्रीच्या, आणि आवाज असा की बाहेरच्या बकऱ्यासुद्धा रांगेत उभ्या राहतील.

पहिल्याच मिनिटाला व्हरांड्यातल्या रुळाच्या तुकड्यावर कोणीतरी ठण्णकन हातोडी मारली. मी बाकावरून दोन बोटं वर उडाले. पेन समोरच्या पोराच्या शर्टात!

कापगते मॅडम मागे न पाहता म्हणाल्या, “घंटा आहे, मॅडम. दिवसातून आठदा वाजते. आठही वेळा उडाल तर घरी जाईपर्यंत थकाल.”

* * *

त्यांची हजेरी घेण्याची पद्धत मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं नाही. काल घरी काय शिजलं ते सांगायचं!

“बिसेन?”
“कोचईच्या पानाच्या वड्या!” म्हणजे अळूवड्या.
“मंडल?”
“माछेर झोल!” हा शुभो. अर्जुनी मोरगावकडच्या बंगाली वस्तीतला, आता आजीकडे राहतो.
“मडावी?”
एक बारीक आवाज. “भात न् सुकसी.” म्हणजे भात आणि सुकी मासळी. ही रमशीला. जंगलाच्या कडेच्या गावातून यंदाच मामाकडे शिकायला आलेली. दिवसभरात तिचे एवढेच शब्द.

मला वाटलं, काय मजेशीर आहे! तेवढ्यात एका पोरानं खाली मान घालून “काई नाई” म्हटलं. मॅडमनी मान वरसुद्धा केली नाही, पुढचं नाव घेतलं. फक्त हजेरीच्या पानावर एक टिंब दिलं. अकरा वाजता बघते तर खिचडीवाल्या मावशी त्या पोराला कुणाच्या लक्षात येणार नाही असं आधीच बोलावून ताट देत होत्या.

मी मॅडमना विचारलं, “हे तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहू?”

“लिहायचं कायले? लिहिलं की सगळ्यांना कळते ना!”

आणि मग वर्गासमोर, अगदी गंभीर चेहऱ्यानं : “नव्या मॅडम, तुमच्या घरी?”

मी खोलीवर एकटी राहत होते. खरं ते सांगितलं. “मॅगी!”

वर्ग पाच मिनिटं हसत होता. रमशीलासुद्धा! ओठ दाबून, पण हसली.

* * *

बिसेन म्हणजे वर्गाचं आकाशवाणी केंद्र. पोवाराच्या घरातला, माळकरी आजोबांचा नातू, घरात अंडंसुद्धा येत नाही. एक दिवस त्यानं शुभोला सरळच टोकलं.

“काऊन खातेस गा तू मासा रोज? वास नाई येत?”

‘काऊन’ म्हणजे आमच्याकडचं ‘का’. शुभोचा चेहरा पडला. मी वही उघडली. आता ‘समस्या’ मिळाली!

कापगते मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बिसेन, या वर्गात दुसऱ्याच्या घरचं ‘काऊन’ विचारायचं नाही. ‘कसं’ विचारायचं.”

बिसेन विचारात पडला. डोकं खाजवलं. मग म्हणाला, “बरं... कसं खातेस गा? काटा नाई अडकत?”

झालं! शुभो उठला, खडू घेतला, फळाभर मोठा रोहू काढला. कुठला काटा सरळ, कुठला दोन फांद्यांचा, पोरांना कुठला तुकडा द्यायचा, म्हाताऱ्यांना कुठला... अर्धा तास! पाठ्यपुस्तकात पाठीच्या कण्याचं चित्र होतं, त्या दिवशी ते कोणी उघडलंच नाही.

शेवटी बिसेन म्हणाला, “मी खानार नाई. पन कुनी खाऊन रायला तर काटा काडून देईन.”

मी ‘उपाय’ रकान्यात लिहिलं : काऊन नाही, कसं. गाईड सरांनी नंतर त्याखाली लाल शाईत विचारलं, संदर्भग्रंथ?

* * *

माझं दचकणं तोवर गावभर झालं होतं. पाल, फटाका, दरवाजा, ‘मॅडम!’ अशी अचानक हाक. काहीही चालायचं.

एके दिवशी लक्षात आलं, बऱ्याच दिवसांत आपण दचकलोच नाही. आणि वर्गात खोकल्याची साथ मात्र आली आहे. जो तो माझ्याजवळ येताना खोकतो! मी काळजीत. मॅडमना म्हटलं, “डॉक्टरांना बोलवायचं का?”

त्याच दुपारी व्हरांड्यात बिसेनचा आवाज ऐकला. सुट्टीवरून परतलेल्या एका पोराला तो नियम समजावत होता. “नव्या मॅडमले मागून हाक नाई मारायची. पहिले खोकलाचा, मंग बोलाचा. तिचं तसंच हाय.”

“काऊन?”

“काऊन नाई इचारत बे आपल्या वर्गात!”

मी महिनाभर विविधतेची यादी करत होते. माझं नाव त्यांनी कधीच लिहून टाकलं होतं!

* * *

आता माझी चूक. ही सांगताना अजून कानशिलं तापतात.

शाळेच्या मागे पोरांनीच लावलेली परसबाग होती. तिथल्या चवळीला पहिल्या शेंगा लागल्या, मावशींनी भाजी केली. सगळे तुटून पडले. रमशीला मात्र नुसता भात खात होती, भाजी ताटाच्या कडेला. मी मनात लगेच पुस्तक उघडलं : लाजते, परकेपणा वाटतो, कुणी काही बोललं असेल. मी तिच्याशेजारी मांडी घालून बसले. लाडानं म्हटलं, “एकच घास. माझ्यासाठी.” आणि घास तिच्या तोंडाशी नेला.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझा हात तिथेच राहिला. ती उठली, ताट धुतलं, दप्तर घेतलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हजेरीत “मडावी?” ला उत्तर नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी रडकुंडीला आले. कापगते मॅडमनी स्कूटी काढली. “बसा. रडायचं असलं तर वाटेत रडून घ्या, तिथं नको.”

मामीनं दारातच सांगितलं. “आमचं नवं नाई झालं ना, बाई. नवं पिकलेलं पहिले देवाले, मंग घरच्यायले, मंग पावन्यायले. तोवर नवी शेंग तोंडात नाई घालत. पोरगी भेली. मॅडमले नाई म्हनता येत नाई, न् खाता येत नाई.”

भात न् सुकसी. रोज जुने तांदूळ, सुकवलेली मासळी. दोन महिने ती हजेरीत सांगतच होती! मी फक्त तिचा बारीक आवाज नोंदवला होता.

* * *

दुसऱ्या दिवशी कापगते मॅडमनी वर्गाला सगळं सांगितलं.

शुभो म्हणाला, “तिचं नवं कधी हाय?”

“तिचे बाबा न्यायला येतील तेव्हा. पंधरा दिवस, जास्तही.”

बिसेन उठला. “मंग तोवर चवळीले कोनीच हात नाई लावायचा!”

आणि खरोखर लावला नाही! रमशीला परत आली ती बघतच राहिली. वेलावर शेंगा लांबल्या, जाडावल्या, पिवळ्या पडायला लागल्या. मावशी कुरकुरल्या, “पोट्टेहो, जून होऊन रायल्या ना!” पोरं रोज बटाट्याची भाजी खात होती आणि मधल्या सुट्टीत पाळीपाळीनं बकऱ्या हाकलत होती. एका बकरीनं चार शेंगा पळवल्याच. बिसेन तिच्यामागे तळ्यापर्यंत धावला. परत येऊन धापा टाकत म्हणाला, “तिचं नवं झालं असन!”

* * *

पंधरवड्यानं रमशीलाचे बाबा आले. उंच, वाळलेले, खांद्यावर टॉवेल. ऑफिसच्या पायरीवरच उभे राहिले.

“पोरीले नवं खायले नेतो, बाई. आन् मंग घरीच ठेवतो. इथं तिले बराबर जेवता येत नाई म्हनते.”

मला वाटलं, जमीन फाटावी. तो घास माझा होता. कापगते मॅडमनी एकदाही माझं नाव घेतलं नाही. वाद घातला नाही, आरटीई सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “न्या, दादा. जाताना मागून जा, वाट जवळची आहे.”

मागची वाट परसबागेतून जाते.

ते वेलाजवळ थांबले. शेंगा पिवळ्याजर्द, भरून लोंबत होत्या. त्यांनी एक शेंग बोटांनी उचलून पाहिली. पोरीला काहीतरी विचारलं, त्यांच्या बोलीत. ती बराच वेळ बोलत होती. इतकं बोलताना मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. मग बाबांनी शेंग हलकेच सोडली आणि दोघं गेले.

* * *

चार दिवस. मॅडम रोज पुकारायच्या, “मडावी?” आणि थांबायच्या. दहा सेकंद असतील, मला तास वाटायचा. मग पुढचं नाव.

पाचवा दिवस माझा शेवटचा. गुण द्यायला गाईड सर आलेले, पहिल्या रांगेत खुर्ची, पांढरा शर्ट, हातात माझी वही. ‘समस्या’चा रकाना बघून भुवया वर. “हे रिकामं कसं काय?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारात कोणीतरी खोकलं.

रमशीला! तेल लावलेले केस, खांद्यावर दप्तर, हातात पळसाच्या पानांचे द्रोण एकात एक. मागे पायरीवर तिचे बाबा, टॉवेलनं मान पुसत.

“मडावी?” कापगते मॅडमचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला.

“नव्या धानाचे पोहे!” खणखणीत. शेवटच्या बाकापर्यंत.

तिनं वाटायला सुरुवात केली. पहिला द्रोण कापगते मॅडमना. मग बिसेनला, शुभोला, एकेका बाकाला. गाईड सर कौतुकानं हसत दोनदा हात पुढे करून बसले. दोन्ही वेळा ती बाजूनं निघून गेली.

“त्यायले मंग,” ती बिसेनच्या कानात बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “पावने हायेत.”

मीही मागे भिंतीला टेकून उभी होते. तीन महिन्यांची पाहुणी, आज जाणारी. शिवाय तो घास! माझी पाळी सरांच्याही नंतर, हे ठरलेलंच होतं.

ती शेवटच्या बाकाशी आली. खोकली. द्रोण माझ्यापुढे धरला. सरांचा हात अजून तिकडे रिकामाच.

माझ्या तोंडून निघून गेलं, “मला काऊन गं, आधी?”

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, “काऊन नाई, मॅडम!”

मी दचकले नाही. विचारलं, “बरं. कसं घ्यायचं?”

“दोनी हातानं,” रमशीला म्हणाली.