दार्जिलिंगात केलेलं भरीत

चहा घेतलात? मग सांगतो. पण आमच्या चोपडा गावात कुणाला बोलू नका. तसं बोलूनही काही बिघडायचं नाही म्हणा, तिथं सगळ्यांना ठाऊक आहे.

मी भूगोलाचा मास्तर. पंधरा वर्षं भिंतीवरच्या नकाशाला छडी टेकवून "हे कांचनगंगा शिखर" म्हणत आलो. आणि पाहिलं काय होतं? डोंगर म्हणाल तर सातपुडा, आणि बर्फ म्हणाल तर गोळेवाल्याच्या रंध्यावरचा. गावात टीव्ही नुकताच आला होता तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं की यंदा दार्जिलिंग. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंच.

माझ्याहून जास्त उतावीळ होते आमचे आबा, माझे वडील. जन्म केळीच्या बागेत गेला, पण चौकशा सगळ्या जगाच्या. ढग हाताला लागतो का? बर्फावर गवत उगवतं का? तिथली माणसं अंघोळ कधी करतात? निघताना ओट्यावरून आपल्या अहिराणीत म्हणाले, "डोंगर नीट दखजो. घर येवावर मले बठ्ठं सांगजो. मनं काही आते जानं व्हत नई."

हे शेवटचं ते हसत बोलले, पण मला लागलं. आबांसाठी तरी नीट बघायचं आणि घरी येऊन सगळं सांगायचं, असं मनाशी पक्कं केलं.

आता आपली माणसं प्रवासाला निघाली की काय होतं, सांगायला हवं का? बायकोनं, मंगलानं, टोपलीभर हिरवी भरताची वांगी घेतली. "असू द्या, परमुलखात कामाला येतील." ती भाजायला कपाशीच्या काड्यांची मोळीही घेणार होती, मीच आडवा आलो. भुसावळ ते हावडा, तिथून पुढची गाडी, मग घाटातली जीप. माझी बॅग टपावर आणि वांगी माझ्या मांडीवर.

लॉजचा व्हरांडा बरोब्बर कांचनगंगेच्या समोर. पण समोर नुसतं धुकं. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. शेजारच्या खोलीतले घोषबाबू कानटोपी घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून पहाटेपासून खुर्चीत बसलेले असायचे. मी पडलो मास्तर, गप्प कसा बसणार? धुक्याकडे बोट करून सगळ्यांना शिकवायला लागलो. "यहाँ से वहाँ तक पाँच शिखर है. बीचवाला मत भूलना." दोघाचौघांनी वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

चौथ्या दिवशी घोषबाबूंची नजर टोपलीवर गेली. "ये क्या, बेगुन?"

"भरीत का बैंगन है," मी म्हणालो.

"ओ, बेगुन पोड़ा! हमारे घर में रोज होता है."

रोज होतं? जळगाव जिल्ह्याच्या भरताला हा माणूस 'रोज होतं' म्हणाला! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "कल खाओ, फिर बोलो."

पाचवा दिवस शेवटचा, अकराला जीप होती. सकाळी बघतो तर धुकं तसंच. डोंगराचा नाद सोडला आणि लॉजच्या अंगणात, व्हरांड्याच्या बरोब्बर खाली, तीन दगड मांडले. आचाऱ्यानं दिलेली लाकडं ओली, त्यामुळे जाळ कमी आणि धूर फार. दरीकडून गार वारा येत होता, म्हणून तिकडे पाठ करून बसलो. मंगलाला शेंगदाणे आणायला वर पाठवलं.

वांगी फुटायला लागली, वास सुटला, आणि वर गलका झाला. मान वर करून बघतो तर अख्खा लॉज व्हरांड्यात. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. घोषबाबू खुर्चीवर चढलेले. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं तर हात जोडले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मला भरून आलं हो. म्हटलं, वासावरच ही हालत, खाल्ल्यावर काय होईल?

"अपूर्व! अपूर्व!" घोषबाबू ओरडले.

"अभी तो लसूण डाला नहीं," मी खालून म्हणालो.

वर मंगलाही आली. शेंगदाण्याची पुरचुंडी हलवत, हातवारे करत काहीतरी सांगत होती. गलक्यात ऐकू काय येणार? मी डाव हलवून खूण केली की होतंय, जरा दम धर. सगळे एवढं कौतुकानं बघताहेत तर नीट दाखवावं, म्हणून त्यातलं सगळ्यात मोठं वांगं देठाला धरून उंच केलं आणि हसलो. घोषबाबूंनी फोटो काढला.

मंगला धावत खाली आली, माझे खांदे धरले आणि मला गर्रकन फिरवलं. मी धुरानं चुरचुरणारे डोळे पुसले. समोर पांढरंच होतं सगळं.

"गेलं," ती म्हणाली. "अहो, दहा मिनिटं उघडं होतं. तुमच्या डोक्यावर."

भरीत घोषबाबूंनी तीनदा मागून खाल्लं. माझं ताटही मी त्यांच्याकडेच सरकवलं.

घरी आलो तर आबा ओट्यावरच. "कसा व्हता डोंगर?" आता काय बोलणार? पुस्तकातलं सगळं ओकलो. पाच शिखरं, उन्हात सोन्यासारखा रंग, बर्फच बर्फ. आबा डोळे मिटून ऐकत होते. नंतर आठ दिवस गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून माझ्याकडून तेच वदवून घेतलं. मंगला आतून एक अक्षर बोलली नाही, ते तिचे उपकार.

महिन्याभरानं घोषबाबूंचं पाकीट आलं. मी शाळेत होतो. घरी पोचलो तर ओट्यावर ही गर्दी, आणि फोटो हातोहात फिरतोय. मागे कांचनगंगा, लख्ख, पाचही शिखरांसकट. पुढे तिच्याकडे पाठ करून, हातात भाजलेलं वांगं घेऊन, दात काढून हसणारा भूगोलाचा मास्तर.

आबांनी चष्मा पुसून फोटो पुन्हा हातात घेतला. डोंगरावरून बोट फिरवत बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"चांगला शे रे डोंगर. बठ्ठा गावनी दखा. जो दखाले गया व्हता, तोच राही गया."